पिशवी गाडीच्या डिक्कीत ठेवा

आमच्या घरात तिघं जण. मी, माझा धाकटा भाऊ आणि मावसभाऊ. नाशिकमध्ये इंदिरानगरला दोन बेडरूमचा भाड्याचा फ्लॅट. धाकटा अंबडच्या कंपनीत शिफ्टला जातो, मावसभाऊ गंगापूर रोडला कॉलेजात आहे आणि मी कॅनडा कॉर्नरजवळ एका सीएंच्या ऑफिसात जीएसटीची रिटर्नं भरते. आई-बाबा निफाडकडे, गावी.

मागच्या वर्षी जूनमध्ये मी ठरवलं की या घरातून कचरा कमी जाईल आणि घरात फालतू वस्तू कमी येतील. दिवाळीचा फराळ व्हायच्या आत ते सगळं बारगळलं. पिशव्या शिवल्या मी, धुतल्या मी, बाजारात न्यायला विसरलं कोणी तर ओरडले मी. ओला कचरा वेगळा करायचा म्हणजे मी करायचा. एक दिवस ऑफिसातून रात्री नऊला आले, ओट्यावर पार्सलचे सहा डबे आणि सिंकमध्ये रश्श्याची पिशवी बघितली आणि सगळं एकाच काळ्या पिशवीत कोंबून मोकळी झाले. चार महिन्यांचं व्रत पाच मिनिटांत मोडलं.

जानेवारीत पुन्हा सुरू केलं, वेगळ्या रीतीने, आणि ते अजून चालू आहे. दुसऱ्या वेळी काय बदललं ते खाली लिहिते. विशी-तिशीतली जी मुलं-मुली एकत्र राहतात, भावंडं असोत, मित्र असोत, नवीन लग्न झालेलं जोडपं असो, त्यांना यातलं बरंचसं लागू पडेल. पर्यावरणपूरक सवय म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा घरकामच असतं, हे मला उशिरा कळलं. घरकाम ज्याच्या वाट्याला, ही सवयही त्याच्याच वाट्याला येते. म्हणून आधी वाटणी करायची.

आधी महिनाभर नुसती वही

काहीही विकत आणू नका, काहीही बदलू नका. एक दोनशेपानी वही फ्रिजवर ठेवा, पेन दोऱ्याने बांधून. डाव्या पानावर कामं लिहायची: काय केलं, कोणी केलं. उजव्या पानावर खरेदी: काय आणलं, कोणी आणलं, किती रुपये. नावाऐवजी आद्याक्षर पुरतं.

कामं बारीक लिहा, तिथेच खरी गंमत आहे. "कचरा दिला" एवढं लिहून भागत नाही. दुधाची पिशवी धुऊन वाळत टाकली, हे एक काम. भाजी आणल्यावर पिशवीतली माती झटकली, दुसरं. "पिशवी घेतलीस का?" असं कुणाला तरी दारात विचारलं, हेही काम; आठवण ठेवायला डोकं लागतं. या महिन्यात कुणी कुणाला बोलायचं नाही, टोमणे तर अजिबात नाहीत. मला ते फार जड गेलं.

आमच्या वहीत महिन्याने डाव्या पानांवर वरपासून खालपर्यंत बहुतेक माझंच अक्षर होतं. उजव्या पानांवर मात्र भावांची अक्षरं ठळक: बांबूचे टूथब्रश, तांब्याची बाटली, स्टीलच्या स्ट्रॉ (घरात स्ट्रॉने कोण काय पितं, देव जाणे), वीज कमी खाणारा पंखा. त्यांचं पर्यावरणप्रेम खरेदीत होतं, माझं धुण्यात. दोघं मुलं मनापासून करत होती, त्यात खोट नाही. पण वस्तू एकदा आणली की काम संपतं, आणि पिशवी दर बुधवारी परत धुवावी लागते.

हा काही आमच्याच घराचा नमुना नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळेच्या वापराच्या पाहणीत, घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात असं आलं आणि पुरुष ९७. बायकांना पर्यावरणाची जास्त काळजी असते असं सांगणारे अभ्यास बरेच आहेत. ते वाचून मला अभिमान कमी वाटतो आणि शंका जास्त येते, की काळजी असते की काळजी गळ्यात पडते?

महिना संपला की तिघांनी बसून वही वाचा, चहा करून. चहा त्या दिवशी ज्याचं अक्षर सगळ्यात कमी, त्याने करायचा.

काम द्या, मदत मागू नका

"जरा कचऱ्याला मदत कर ना" हे वाक्य घरातून हद्दपार करा. मदत म्हटलं की काम तुमचंच राहतं आणि समोरचा उपकार करतो. पूर्ण काम द्या, आठवणीसकट. आमच्याकडे ओला कचरा आणि खताची बादली धाकट्याची. म्हणजे बादली भरली का बघणं, वाळका पाला आणणं, वास आला तर उपाय शोधणं, सगळं त्याचं. मी विचारणार नाही आणि सांगणारही नाही. सुका कचरा, रद्दी आणि भंगार मावसभावाचं. बाजार आळीपाळीने. किराणा आणि कपडे माझ्याकडे.

पहिले तीन आठवडे काम वाईटच होतं. होऊ द्या. मला दोनदा रात्री उठून कचरा नीट करावासा वाटला आणि दोन्ही वेळा मी पांघरूण डोक्यावरून घेतलं. तुम्ही हात घातलात की ते काम परत तुमचं झालंच म्हणून समजा.

घंटागाडीचं मात्र घरात स्पष्ट ठरवा. आमच्याकडे ती सकाळी साधारण आठला येते आणि गल्लीच्या तोंडाशी फार थांबत नाही. फर्स्ट शिफ्टवाला तेव्हा घरी नसतो, सेकंड शिफ्टवाला झोपलेला असतो, आणि म्हणून घरातल्या बाईने धावायचं असा रिवाज पडतो. आमचा नियम असा की ओलं घरातच जिरतं, त्यामुळे गाडीला फक्त सुकं द्यायचं, तेही आठवड्यातून दोनदा. ते दोन वार आधीच ठरलेले असले की कुणालाही गजर लावता येतो.

पिशवी

महाराष्ट्रात प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली २३ मार्च २०१८ ला, पहिल्या गुन्ह्याला पाच हजारांचा दंड. मी तेव्हा टी.वाय.ला होते. त्या जून-जुलैमध्ये गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात जो तो घरून पिशवी आणायचा, पुरुषसुद्धा. पुढे पातळ पिशव्या हळूहळू परत आल्या आणि पुरुषांच्या हातातली पिशवी पहिली गेली.

घरात कापडी पिशव्या नाहीत असं होत नाही. लग्नातल्या, साड्यांच्या दुकानातल्या, ढिगाने असतात. त्या हव्या त्या वेळी हाताशी नसतात. बाईच्या पर्समध्ये एक घडी असते, पण बाजार बऱ्याचदा ऐनवेळी होतो: कामावरून येताना, बाइक थांबवून, "ताई, कोथिंबीर आणू का?" असा फोन करून. तेव्हा पर्स घरी असते. म्हणून पिशवी गाडीत राहिली पाहिजे. स्कूटर असेल तर डिक्कीत दोन पिशव्या कायमच्या. बाइकला डिक्की नसते. सीटखाली टूलकिटच्या जागेत मांजरपाटाची एक पिशवी घट्ट गुंडाळून, रबर लावून बसते. आम्ही बसवून पाहिली आहे. बॅकपॅक वापरत असाल तर पुढच्या छोट्या कप्प्यात.

रिकामी केलेली पिशवी दाराच्या आतल्या खिळ्यावर, गाडीच्या किल्लीशेजारीच टांगा. किल्ली उचलताना हात पिशवीला लागलाच पाहिजे. कपाटात ठेवलेली पिशवी गेलीच.

आणि कापड बघून शिवा. हे मी पहिल्यांदा चुकले. आईची जुनी फुलाफुलांची चादर फाडून मी सात पिशव्या शिवल्या, गुलाबी किनार लावून. छान झाल्या होत्या. धाकट्याने एकही नेली नाही. म्हणाला, "ताई, कंपनीच्या गेटवर ही घेऊन उतरलो तर पोरं वर्षभर सोडणार नाहीत." मी तेव्हा चिडले. नंतर वाचनात आलं की अमेरिकेत २०१६ साली 'जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्च'मध्ये यावरच एक शोधनिबंध छापून आला होता. त्यातल्या एका प्रयोगात, पुन्हा वापरायची कापडी पिशवी घेऊन दुकानातून निघालेला माणूस लोकांना प्लॅस्टिकची पिशवी घेतलेल्यापेक्षा जास्त 'बायकी' वाटला. तो पुरुष असो की बाई. दुसऱ्या एका प्रयोगात पुरुषांना गुलाबी, फुलाफुलांचं गिफ्ट कार्ड दाखवल्यावर त्यांनी पर्यावरणपूरक वस्तू कमी निवडल्या. माझी चादर म्हणजे तेच कार्ड झालं होतं.

आता यावर दोन मतं असू शकतात. त्याची लाज खोटी आहे, ती गेली पाहिजे, हे खरंच. पण लाज जायची वाट बघत मी तोवर किती कॅरीबॅग घरात येऊ देऊ? त्याच्याच फाटलेल्या जीनच्या पायांपासून शिंप्याकडून दोन पिशव्या शिवून घेतल्या, दुहेरी शिलाई, पट्टा लांब, खांद्याला अडकवता येईल असा. पाच किलो बटाटे आरामात येतात. आता फर्स्ट शिफ्ट असली की साडेतीनला सुटून तोच बुधवार बाजार करतो. गंमत म्हणजे मधे एकदा सगळ्या पिशव्या धुवायला पडल्या होत्या, तर फुलांचीही घेऊन गेला. कोणी काही बोललं नाही म्हणे. मेथीवाल्या मावशींनी तेवढं "कुठून शिवली रे बाबा?" विचारलं.

खताची बादली, चुकांसकट

ओला कचरा पालिकेला वेगळा दिला तर पाथर्डीकडच्या खत प्रकल्पात त्याचं खत होऊ शकतं. सुक्यात मिसळून दिला तर दोन्ही वाया. वेगळा देणं एवढंही पुष्कळ आहे. पण गॅलरी असेल तर घरीच करा. घरात घंटागाडीमागे धावणं निम्म्याने कमी होतं, हा खरा फायदा.

रंगाचे वीस लिटरचे दोन रिकामे डबे घ्या, झाकणासकट. इमारतीत कुठे ना कुठे रंगकाम चालू असतं, मागितले तर मिळतात. बाजूंना दहा-बारा आणि तळाला पाच-सहा भोकं पाडा. तळाशी दोन-तीन इंच वाळलेला पाला किंवा नारळाच्या शेंड्या. त्यावर रोजचं ओलं बारीक करून: भाज्यांची देठं, चहाचा चोथा, फळांच्या साली, देवाची फुलं. एक वाटी ओलं तर वरून एक-दीड वाटी कोरडं, हे माप सोडू नका. कोरडं म्हणजे पाला, फाडलेले पुठ्ठे, लाकडाचा भुसा, कोकोपीट, जे फुकट मिळेल ते. सुरुवातीला एक मूठ जुनं खत किंवा आंबट ताकाचा शिपका, म्हणजे काम लवकर सुरू होतं. दोन-तीन दिवसांनी एकदा काठीने खालवर करा. एक डबा भरला की झाकून बाजूला ठेवायचा आणि दुसरा लावायचा. दीड-दोन महिन्यांत पहिल्यातलं काळंभोर होतं आणि पावसाच्या पहिल्या सरीसारखा वास येतो.

ओल बघायची असेल तर मूठभर उचलून दाबा. लाडू वळला आणि हात नुसता ओलसर झाला, ठीक. पाणी निथळलं तर कोरडं घाला. लाडूच वळत नसेल तर पाण्याचा हबका मारा. पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नका, ती कामालाच आलेली असते.

आता चूक. धाकट्याने बादली हाती घेतली त्या दुसऱ्याच रविवारी मिसळीचा उरलेला रस्सा त्यात ओतला. तेल, तिखट, मोड आलेली मटकी, सगळं. चार दिवसांत अळ्या झाल्या, आणि पाचव्या दिवशी तळाच्या भोकांतून तांबडं पाणी खालच्या काकूंच्या गॅलरीत गळायला लागलं. एप्रिल महिना, काकूंच्या कुरडया वाळत घातलेल्या. पुढचं सांगत नाही. मी एक शब्द बोलले नाही. तो स्वतः खाली जाऊन पाया पडून आला, मग डब्याखाली जुनी परात ठेवली, बादलीत चार मुठी भुसा घातला आणि आठवडाभर ओलं बंद केलं. अळ्या गेल्या. जूनमध्ये पहिलं खत निघालं तेव्हा त्याने चाळून अर्धं काकूंच्या तुळशीला नेऊन दिलं. तेलकट, मासमच्छी, रस्से बादलीत नकोत, हे मी दहा वेळा सांगून त्याला जेवढं कळलं असतं त्याहून जास्त त्या कुरडयांनी शिकवलं.

रविवारची मिसळ

नाशिकचा रविवार मिसळीशिवाय जात नाही आणि पार्सल म्हटलं की रस्सा पिशवीत, तर्री पिशवीत, कांदा पिशवीत. चार माणसांच्या मिसळीला आम्ही एकदा अकरा पिशव्या मोजल्या. चिमट्याच्या झाकणाचा स्टीलचा मोठा डबा रश्श्याला आणि दुसरा फरसाण-मटकीला, एवढे दोन पुरतात. पावाला पिशवी आहेच. गरम रस्सा घेताना डबा काठोकाठ भरू देऊ नका, गतिरोधकावर कळेल का ते.

एका ठिकाणी "डब्यात देत नाही, माप चुकतं" असं सांगून परत पाठवलं. तिथे पाच लोकांसमोर मावसभावाचं तोंड पडलं आणि तो म्हणाला, परत डबा नेणार नाही. मुलींना दुकानात "भैया, यात द्या ना" म्हणायची सवय असते, मुलांना ते मागणं कमीपणाचं वाटतं, असा माझा अंदाज. उपाय साधा आहे: आधी फोन करून विचारायचं, "डबा आणला तर चालेल ना?" हो म्हणाले तिथेच जायचं. आता आमची दोन ठिकाणं ठरलेली आहेत. किंवा सरळ तिथेच बसून खा, तर्रीही जास्त मिळते.

न्हाणीघरातल्या वस्तू

इथे घरात बोलणंच होत नाही, म्हणून थोडं सविस्तर.

सॅनिटरी पॅडमध्ये प्लॅस्टिक असतं आणि ते कुजत नाही. महिन्याला पंधरा धरले तर एका मुलीचे वर्षाला १८०. मी दोन वर्षांपासून सिलिकॉनचा कप वापरते. तीन-चारशे रुपयांपासून मिळतो आणि नीट वापरला तर अनेक वर्षं टिकतो. पाळीच्या आधी आणि नंतर पाच मिनिटं पाण्यात उकळायचा, वेगळ्या पातेलीत. दिवसातून रक्तस्रावाप्रमाणे रिकामा करायचा, जास्तीत जास्त बारा तासांनी. पहिल्या दोन-तीन पाळ्या गडबडीच्या जातात, तेव्हा सोबत पॅड ठेवा आणि ऑफिसच्या दिवशी पहिला प्रयोग करू नका. तांबी बसवलेली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. नाही जमला तर कापडी पॅड आहेत, तेही नको तर साधा पॅड वापरा. पृथ्वीचं ओझं पाळीच्या चार दिवसांत एकट्या मुलीने उचलायची गरज नाही. मुलांना एवढंच: वापरलेला पॅड कागदात गुंडाळून, वर लाल पेनाने फुली मारून वेगळा दिला जातो, कारण कचरा हाताने वेगळा करणाऱ्या माणसाला ते कळलं पाहिजे. आमचा सुका कचरा मावसभाऊ बघतो, त्यामुळे हे त्याला सांगावंच लागलं. मी सांगताना अडखळले, तो ऐकताना भिंतीकडे बघत होता. पाच मिनिटांत उरकलं आणि तेव्हापासून जुनी वर्तमानपत्रं तो स्वतःहून न्हाणीघरात ठेवतो.

आणि मुलांच्या वस्तूंबद्दल कुणी विचारतच नाही. आमच्या घरात महिन्याला सहा वापरून फेकायचे रेझर जायचे. त्याऐवजी स्टीलचा, पातं बदलायचा जुन्या धाटणीचा रेझर घ्या, आजोबांकडे असायचा तसा. एकदाच खर्च, मग पाती स्वस्त. वापरलेली पाती पत्र्याच्या डबीत साठवा आणि भरल्यावर डबी चिकटपट्टीने बंद करून, वर "पाती" लिहून द्या. नुसती कचऱ्यात टाकलेली पाती सफाई कामगारांचे हात कापतात.

"एक चक्कर मारून येतो"

स्वीडनमध्ये २०२१ साली एक अभ्यास झाला. एकटे राहणारे पुरुष आणि एकट्या राहणाऱ्या बायका, दोघांचा खर्च जवळपास सारखा. पण पुरुषांच्या खर्चातून होणारं हरितगृह वायूंचं उत्सर्जन १६ टक्क्यांनी जास्त. मोठा वाटा गाडीच्या इंधनाचा. स्वीडन कुठे, इंदिरानगर कुठे. पण मी वहीची उजवी पानं परत काढली. माझ्या नावावर महिन्याला बसची तिकिटं. भावांच्या नावावर पेट्रोल, पेट्रोल, पेट्रोल.

कंपनीत जायला बाइक लागते, सेकंड शिफ्ट सुटते तेव्हा बस नसते, ते कबूल. पण रात्री जेवण झाल्यावर चहाच्या टपरीपर्यंत रोज जी चक्कर होते तिचा हिशेब लावून बघा. जाऊन-येऊन सहा किलोमीटर, महिन्यातून पंचवीस दिवस, म्हणजे दीडशे किलोमीटर. पंचेचाळीसचं मायलेज धरलं तर सव्वातीन लिटरच्या वर. मी ते रुपयांत मांडून दाखवलं तेव्हा दोघं गप्प झाले. पर्यावरण म्हटलं असतं तर वाद घातला असता. आता टपरीला चालत जातात, जवळच्या. टायरमध्ये हवा पंधरा दिवसांतून एकदा बघायची, तेवढंही फरक पाडतं.

मी सिटीलिंकने, म्हणजे नाशिकच्या शहर बसने जाते, २०२१ च्या जुलैत ती सुरू झाली तेव्हापासून. सीबीएसला उतरून पुढे पंधरा मिनिटं चालत. पण एक सांगते, मुलींनी संध्याकाळी बसने जायचं की नाही हे नुसतं पर्यावरणावर ठरत नाही. थांब्यावर दिवा आहे का, रात्री साडेनवाला बस येईल का, हेही बघावं लागतं. उशीर होणार असला की मी धाकट्याला फोन करते आणि तो बाइक घेऊन येतो. त्या पेट्रोलचा हिशेब मी वहीत लिहीत नाही.

वीज

हे थोडक्यात, कारण इथे पुरुषांची खरेदीची हौस खरोखर कामाची आहे. साधा छताचा पंखा साधारण ७५ वॉटचा, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचा तीसच्या आसपास. बारा तास रोज चालवला तर महिन्याला २७ युनिटऐवजी ११. दोन पंखे बदलले की बिलात दिसतं. गीझरचं बटण मात्र बंद करायला लागतं, ते विकत घेता येत नाही. आमच्याकडे जो शेवटी अंघोळ करेल त्याने बंद करायचं आणि विसरला तर त्या दिवशीची भांडी त्याची.

कपडे, म्हणजे माझी बाजू

आत्तापर्यंत मी फार शहाण्यासारखं बोलले. उजव्या पानांवर माझंही अक्षर आहे: एका महिन्यात चार कुर्ती, ऑनलाइन सेलमधल्या, त्यातली एक अजून लेबलसकट. भाऊ वर्षात दोन जीन घेतात आणि फाटेपर्यंत घालतात. (धाकट्याचे बूट सोडून. बुटांचं त्याला वेड आहे.) मुलींना कपडे परत परत घातलेले चालत नाहीत हे आपल्याला कोण सांगतं, हा मोठा विषय आहे, पण कार्टमध्ये टाकणारं बोट माझंच होतं.

मला जे जमलं ते: आवडलेला कपडा वहीच्या मागच्या पानावर लिहायचा, तारीख घालून, आणि तीस दिवस थांबायचं. तीस दिवसांनी दहापैकी आठ आठवतही नाहीत. उरलेले दोन घ्यायचे. शरणपूर रोडच्या तिबेटी मार्केटमधलं माझं जॅकेट असंच वाट बघून घेतलेलं, चौथा हिवाळा चालू आहे त्याचा. घट्ट झालेले कपडे उसवून घ्या. शिंपी कुर्तीच्या आत बऱ्याचदा बोटभर कापड ठेवतो. मैत्रिणींमध्ये लग्नाचे कपडे फिरवा, मापं जुळत असतील तर. आमच्या चौघींत तीन शालू आणि एक येवल्याची पैठणी फिरते, फोटोत कुणाला पत्ता लागलेला नाही.

अगदीच नको झालेले, पण धड असलेले कपडे बोहारणीला द्या. इंदिरानगरात अजून येते. घासाघीस करायला आईला फोन लावते मी, स्पीकरवर. मागच्या वेळी सहा कुर्ती आणि धाकट्याचे दोन शर्ट देऊन स्टीलची खोल परात मिळाली. तीच आता खताच्या डब्याखाली आहे, जुनी गळायला लागली होती.

दर तीन महिन्यांनी वही परत महिनाभर उघडायची, नाहीतर कामं गुपचूप जुन्या जागी सरकतात. आमची आत्ता चालू आहे. डाव्या पानांवर आता तीन अक्षरं दिसतात, माझं अजूनही थोडं जास्त. काल रात्री उघडली तर धाकट्याने उजव्या पानावर लाल पेनाने लिहून ठेवलेलं: "ताई पिशवी विसरली. मुंबई नाका, पेरू, १ कॅरीबॅग." खरं आहे. पर्समधली पिशवी मी परवा धुवायला टाकली होती.